माकडांचा दाखला देताना पूर्ण द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका व्याख्यानाचा वृत्तांत वाचला. नर हा जन्मतःच कळपाचा धनी असतो, मादीने त्याच्या धाकात राहावे ही निसर्गाचीच रीत आहे आणि माकडांकडे पाहिले की ते कळते, असे वक्त्यांनी सांगितल्याचे त्यात छापले आहे. त्या व्याख्यानाला मी हजर होते. पुढच्या तीन रांगांत नववी-दहावीच्या मुली बसवल्या होत्या आणि त्या हे सगळे वहीत उतरवून घेत होत्या. ३१ वर्षे मी कोल्हापुरात जीवशास्त्र शिकवले. त्या वह्या डोळ्यांपुढून हलत नाहीत, म्हणून हे पत्र.

वक्त्यांनी आपल्याच मुलखातल्या वानरांचा दाखला दिला. तो खोटा नाही, अर्धा आहे. दाजीपूरच्या वाटेवर काळ्या तोंडाचे वानर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. टोळीत बहुधा एक हुप्प्या, बाकी माद्या आणि त्यांची पिल्ले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानचे युकिमारू सुगियामा धारवाडजवळच्या जंगलात या वानरांचा अभ्यास करत होते. बेळगाव ओलांडले की धारवाड, इतके ते आपल्याला जवळ. तिथे त्यांनी पाहिले की बाहेरचे नर टोळीवर चालून आले, जुन्या हुप्प्याला हुसकावले आणि जो नवा नर टिकला त्याने अंगावर पिणारी पिल्ले मारली. पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराची संतती लवकर जन्मते. वक्ते इथपर्यंत आले आणि थांबले.

पुढची गोष्ट अबूच्या डोंगरावरची. १९७१पासून सारा ब्लॅफर हर्डी या अमेरिकन संशोधिकेने तिथल्या वानरांच्या टोळ्या अनेक हंगाम पाहिल्या. नर पिल्लांवर झेपावतो तेव्हा माद्या काय करतात, हेही तिने टिपले. पिल्लाची आई एकटी पडत नाही. टोळीतल्या इतर माद्या मध्ये पडतात, आणि त्यांत पिल्ले होण्याचे वय कधीच सरलेल्या म्हाताऱ्या माद्या सर्वांत पुढे असतात. आपल्याहून दांडग्या, सुळेवाल्या नराच्या अंगावर त्या जातात. पुष्कळदा पिल्लू वाचत नाही, तरीही जातात. शिवाय आधीच गाभण असलेली मादीसुद्धा नव्या नराशी संग करते. पिल्लू कोणाचे हे नराला उमजू नये, म्हणजे तो त्याला हात लावणार नाही, असा हर्डीने त्याचा अर्थ लावला. नराचा धाक आहे, हे खरेच. पण त्या धाकात मुकाट राहणे ही मादीची रीत आहे, हे अबूच्या वानरांत तरी दिसले नाही.

आता आकडे. नरवानर गणातल्या, म्हणजे माकडे, लेमर, चिंपांझी अशा प्राण्यांतल्या नर-मादी संघर्षाचा एक मोठा आढावा जुलै २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. एलिज ह्युशार, डिटर लुकास आणि पीटर काप्पेलर या तिघांनी १२१ जातींच्या २५३ समूहांवरची निरीक्षणे एकत्र केली. कळपातली जवळपास निम्मी भांडणे नर विरुद्ध मादी अशी असतात, हे त्यातून पुढे आले. म्हणजे मादी वाद घालतच नाही, हे पहिल्याच फटक्यात गेले. हार-जितीची नीट मोजदाद असलेल्या समूहांपैकी १०० झटापटींतल्या ९०हून अधिक नरांनी जिंकल्या, असे समूह फक्त १७ टक्के निघाले. माद्यांचे तसेच निर्विवाद वर्चस्व असलेले समूह १३ टक्के. उरलेल्या ७० टक्क्यांत कधी हा वरचढ, कधी ती. खासबागेत कुस्त्या पाहणाऱ्या आपल्या गावाला हे समजायला अवघड जाऊ नये: शंभरातल्या साठ कुस्त्या मारणाऱ्याला कोणी अजिंक्य म्हणत नाही.

नराचे पारडे जड कुठे? जिथे जाती जमिनीवर वावरतात, नराचे अंग आणि सुळे मादीपेक्षा खूप मोठे असतात आणि एका नराला अनेक माद्या असतात, तिथे. चिंपांझी, आफ्रिकेतली बबून माकडे ही त्यांतली नावे. नामिबियातल्या चाकमा बबूनांचे नर माजावरच्या माद्यांना सतत मारझोड करतात, त्यांना झालेल्या जखमांमागे बहुतेकदा हेच असते. हे मी लपवणार नाही, मुलींनाही सांगेन. पण जिथे आकारात फारसा फरक नसतो, वावर झाडांवर असतो, नर-मादी जोडीने राहतात आणि संग कोणाशी करायचा हे मादीच्या हातात असते, तिथे तिचे पारडे वर जाते. मादागास्करच्या लेमरांत माद्या नरांना सरळ बाजूला सारून खातात.

आणि बोनोबो. काँगोच्या जंगलातल्या, चिंपांझीच्या जवळच्या नात्यातल्या या बिनशेपटीच्या कपींबद्दल लिहिताना हात आवरत नाही. नर मादीहून मोठा, ताकदवान. तरीही मार्टिन झुर्बेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ३० वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा नर-मादी भांडणांपैकी ६१ टक्के माद्यांनी जिंकलेली दिसली. कशाच्या जोरावर? एकीच्या. माद्यांनी मिळून केलेल्या चढायांपैकी ८५ टक्के नरांवर होत्या. त्यातही मला सर्वांत नवल वाटते ते हे की या माद्या एकमेकींच्या बहिणी नसतात. बोनोबोत लेक वयात आली की जन्माचा कळप सोडून दुसऱ्या कळपात जाते. म्हणजे सगळ्या वेगवेगळ्या माहेरांहून आलेल्या, रक्ताचे नाते नसलेल्या. जावाजावांचे पटत नाही म्हणणाऱ्या आपल्या समाजाने हे चित्र जरा निरखून पाहावे.

कोणी म्हणेल, मग आता बायकांनी बोनोबोंसारखे वागावे काय? मी तेही म्हणत नाही. माणसाचे कायदे माकडांच्या वागण्यावरून ठरत नाहीत. याच करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला आणि १९१९मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यावर बंदी घालणारा कायदा केला. ज्या गावात हे घडले, त्या गावात शाळकरी मुलींना धाक हाच निसर्ग म्हणून शिकवला जावा, याचा मला मनापासून राग आला आहे.

संपादक महोदय, आपण तो वृत्तांत चार रकान्यांत छापला, तेवढीच जागा या माहितीलाही द्यावी, ही विनंती. ज्या शाळांनी मुलींना तिथे नेले, त्यांच्या मुख्याध्यापकांनी हे पत्र नववी-दहावीच्या वर्गात वाचून दाखवावे. त्यांनी बोलावले तर मी स्वतः येईन. मानधन नको, एक तास आणि फळा पुरे. त्या वह्यांत मुलींनी जे उतरवले आहे, त्याच्याखाली उरलेले अर्धे त्यांच्याच हाताने लिहून घ्यायचे आहे.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
राजारामपुरी, कोल्हापूर