दुसऱ्या ताफ्यातले कैदी उपाशी ठेवून मारले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ऑस्ट्रेलियाला धाडलेल्या ब्रिटिश कैद्यांवरचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, हे मान्य. पण १७९० च्या दुसऱ्या ताफ्यातले मृत्यू प्रतिकूल हवामानाने आणि लांबच्या प्रवासाने झाले, हे तुम्ही छापलेत कसे? दोनच वर्षांपूर्वी कॅप्टन फिलिप यांच्या पहिल्या ताफ्याची अकरा जहाजे कैदी घेऊन याच समुद्रातून सिडनीला पोचली होती. जवळपास चौदाशे माणसे, त्यातली वाटेत दगावली पन्नासच्या आत. टेनेरिफ, रिओ, केप अशा बंदरांत थांबून त्यांनी माणसांना ताजे अन्न घातले होते.

दुसऱ्या ताफ्याचे कंत्राट मिळाले गुलामांचा व्यापार करणाऱ्या कॅम्डेन, कॅल्व्हर्ट अँड किंग या लंडनच्या कंपनीला. माणशी १७ पौंड ७ शिलिंग ६ पेन्स, आणि हे पैसे जहाजात चढवलेल्या कैद्यामागे. तो जिवंत उतरला काय, न उतरला काय, कंपनीला फरक नव्हता. उलट मेला की त्याचा शिधा वाचे, आणि वाचलेला माल सिडनीत चढ्या भावाने विकता येई. या ताफ्यातल्या ‘नेपच्यून’, ‘सरप्राइज’ आणि ‘स्कारबरो’ या जहाजांवरच्या सुमारे हजार कैद्यांपैकी अडीचशेहून अधिक वाटेतच मेले. साखळीतला जोडीदार मेला तरी कैदी कळू देत नसत, त्याच्या वाट्याचे अन्न मिळत राहावे म्हणून. यात हवामान कुठे आले?

मी मालवाहू जहाजांवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होतो, म्हणून हे मला जास्त लागले. खलाशांच्या जेवणासाठी माणशी रोजचा पैसा ठरलेला असतो. एका जहाजावरचा कॅप्टन त्यातलाच पैसा खायचा. भाजी संपली की ‘पुढच्या बंदरात बघू’, आणि पुढच्या बंदरात पुन्हा तेच. डाळीत पाणी वाढवायचे काम माझ्याकडे, आणि ताट पुढे करून शिव्या देणारी पोरे माझ्याच गावाकडची. त्यांना काय सांगणार? आम्ही सगळ्यांनी अंगठे-सह्या करून कचेरीत तक्रार दिली. उत्तर आले नाही. त्या कॅप्टनला पुढे याहून मोठे जहाज मिळाले.

‘नेपच्यून’चा कप्तान डोनाल्ड ट्रेल आणि त्याचा मेट (कप्तानाखालचा अधिकारी) यांच्यावर १७९२ साली लंडनमध्ये खुनाचा खटला चालला. दोघेही सुटले. कंपनीने तर तोवर तिसऱ्या ताफ्याचेही कैदी वाहून नेले होते. लेखात यातली एक ओळ नाही. पुढे कैदी धडधाकट उतरवला तरच पैशांचा काही भाग मिळेल अशी अट आली, जहाजांवर सरकारी डॉक्टर नेमले गेले, आणि मृत्यू झपाट्याने घटले. समुद्र तोच होता.

याचा खुलासा येत्या रविवारी त्याच पानावर छापावा. शिवाय लेखासोबतच्या चित्रात धुरांड्याची आगबोट आहे. १७८८ साली कैदी शिडाच्या जहाजांतून गेले. मुले ही पुरवणी कापून वहीत चिकटवतात, तेव्हा चित्रही बदलून द्यावे.

आपला,
एक निवृत्त भंडारी, रत्नागिरी