वाचायला शिकवणाऱ्यांचे आभार

माझे शिक्षण कन्नड माध्यमात झाल्यामुळे, घरी मराठी बोलत असूनही, बेळगावातील रविवारच्या उपासनेत मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना मी जोडाक्षरांपाशी अडखळत असे. हे ओळखून ज्या मावशींनी मला मागच्या बाकावर शेजारी बसवून, ओळीखाली बोट फिरवत, दोन वर्षे स्तोत्रे वाचून घेतली, त्यांचे मी मनापासून आभार मानतो. ‘स्तोत्रसंहिता’ हे बायबलमधील स्तोत्रांच्या पुस्तकाचे नाव; तो शब्दच मला कितीतरी आठवडे जमत नव्हता. पण त्या कधी रागावल्या नाहीत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांची भजने टाळांच्या साथीने म्हणायला शिकवणाऱ्या, आणि खानापूरची बस चुकली की आपल्या घरी जेवू घालणाऱ्या तरुण संघातील मित्रांचाही मी ऋणी आहे. यंदा तेविसावे स्तोत्र मी सर्वांसमोर न अडखळता वाचले, तेव्हा मावशींनी डोळ्यांना पदर लावला होता.