लग्नातली छोटी बाटली घालवायची, तर आधी पाण्याची सोय करा

संपादक महोदय,

लग्नसराईत 200 मिलीच्या बाटल्यांवरून दरवर्षी ओरड होते आणि दरवर्षी बाटल्या वाढतातच. केंद्र सरकारने 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर बंदी घातली, त्यांत पाण्याची बाटली नाही. सिक्कीमने 1 जानेवारी 2022 पासून बाटलीबंद पाणी बंद केले, पण तिथे झऱ्याचे पाणी जवळ आहे. आपल्याकडे यजमानाला दुसरी विश्वासाची सोय दिसत नाही, म्हणून तो खोकी मागवतो. ती सोय कशी करायची, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

पेट (पीईटी) प्लास्टिकची बाटली भंगारवाला घेतो, हे खरे. पण त्याला पैसे वजनावर मिळतात. अर्धवट पाणी राहिलेली, खरकट्या पत्रावळीत पडलेली चिमुकली बाटली वेचणे त्याला परवडत नाही, आणि ती ओल्या कचऱ्याबरोबर जाते.

बाटली जेवणात शिरली ती बुफेमुळे. पंगतीत वाढपी जग घेऊन फिरतो, पेला पानाशेजारी असतो. बुफेत एक हात ताटात गुंततो आणि पेला ठेवायला जागाच नसते. त्यातून पाण्याचे टेबल बहुतेक ठिकाणी ताटांच्या रांगेच्या सुरुवातीला मांडतात, म्हणजे नेमक्या चुकीच्या जागी. ते रांग संपते तिथे आणि बसायच्या खुर्च्यांजवळ, असे दोन ठिकाणी हवे. 400 पाहुण्यांना उन्हाळ्यात माणशी पाऊण लिटर धरले तर 300 लिटर पाणी लागते. अक्षता पडल्या की सगळे एकदमच येतात, त्यामुळे प्रश्न पाण्यापेक्षा नळांचा असतो: दोन्ही ठिकाणी मिळून निदान आठ तोट्या हव्यात. तोटीखाली एक फूट मोकळी जागा सोडावी. सार्वजनिक कूलरच्या तोट्या इतक्या खाली असतात की लिटरची बाटली उभी राहत नाही. ती तिरपी धरून अर्धीच भरते आणि माणूस वैतागून विकतची घेतो.

स्टीलचे पेले पाहुण्यांच्या दीडपट, म्हणजे 600 घ्यावेत. धुवायला तीन टब: पहिल्यात साबण, दुसऱ्यात साधे पाणी, तिसऱ्यात कढत पाणी. पेले फडक्याने पुसू नयेत, जाळीवर पालथे घालून निथळू द्यावेत. ओले पेले एकात एक घातले की कुबट वास येतो आणि ‘पाणी खराब आहे’ अशी हाकाटी होते. या कामाला दोन माणसे वेगळी लावावीत. वाढप्यांवर सोपवले तर तिसऱ्या टबातले पाणी तासाभरात पहिल्या टबातल्यासारखे होते.

आता पाणी कोणते? बहुतेक जण वीस लिटरचे थंड जार मागवतात. हे जार सीलबंद नसतात. विक्रेता टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो, पण तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा. जंतू असले तरी मीटर हलत नाही. शिवाय आरओ यंत्रात क्लोरीन निघून जाते, म्हणजे आतून बुळबुळीत झालेल्या जारमध्ये त्या पाण्याला काही संरक्षणच उरत नाही. (सीलबंद बाटलीवर आंधळा विश्वास टाकणाऱ्यांसाठी: अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये पॅकबंद पाणी ‘जास्त जोखमीच्या’ अन्नात घातले आहे.) त्यापेक्षा कार्यालयाची टाकी घासून घ्यावी, नळाचे पाणी भरावे आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरावी.

प्रमाण हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. पावडर थेट टाकीत टाकू नये. प्लास्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळी तेवढी ओतावी. अर्ध्या तासाने ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाने पाण्यातले क्लोरीन तपासावे. फिकट पिवळा रंग आला की पाणी पिण्याजोगे. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन आधीच असते, म्हणून तिथे टाकण्यापूर्वीही तपासावे. वासाची तक्रार टाळायची तर हे काम आदल्या संध्याकाळी करून सकाळी पुन्हा तपासावे. रंग आला नाही तर थोडी निवळी वाढवून अर्धा तास थांबावे. रंग मुळीच येत नसेल तर बहुधा पावडर जुनी असते: पिशवी उघडी राहिली की तिचा जोर जातो.

गार पाण्यासाठी विदर्भ-मराठवाड्यात माठ उत्तम. कोकणात आणि मुंबईत हवेतच ओल असल्याने तो फारसा गार करत नाही. माठात पेला बुडवू नये, तोटी बसवावी किंवा लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. क्षाराच्या पाण्याने छिद्रे बुजली की काथ्याने घासावा, साबण लावू नये.

स्वतःची बाटली घेणाऱ्यांसाठीही थोडे. एकेरी पत्र्याची, 304 दर्जाच्या स्टीलची, हात किंवा ब्रश आत जाईल एवढ्या तोंडाची बाटली सर्वांत टिकते. लोहचुंबकाने 304 आणि स्वस्त 202 यांतला फरक कळत नाही, दोन्हींना तो चिकटत नाही; आयएसआय चिन्ह पाहावे. दुहेरी भिंतीची बाटली आपटून आतली पोकळी गेली की बाहेरून घाम येतो, ती फ्रीझरमध्येही ठेवू नये. तांब्याच्या बाटलीत फक्त पाणी. लिंबू सरबत, सोलकढी, ताक त्यात नको. वास येतो तो बहुतेक झाकणातल्या रबरी कड्याखालून: आठवड्याला कडे काढून घासावे आणि बाटली झाकण उघडे ठेवून वाळवावी. विकतच्या पेट बाटलीत महिनोन्‌महिने पाणी भरणे हा मात्र पर्याय नव्हे. तिचे तोंड अरुंद, ब्रश जात नाही, आणि कढत पाणी घातले तर ती आक्रसते.

नगरपालिकांनी कार्यालयांच्या परवान्यात आठ तोट्या, भांडी धुण्याची जागा आणि टाकी धुतल्याच्या तारखेचा फलक एवढ्या अटी घालाव्यात. गावात ओटी तपासणी जलसुरक्षक (ग्रामपंचायतीचा पाणी तपासणारा माणूस) रोज करतोच. लग्नाच्या सकाळी त्याने कार्यालयाच्या टाकीचेही पाणी तपासून निकाल त्याच फलकावर लिहावा.

– पाणीपुरवठा क्षेत्रातील एक वाचक, सातारा