कान तपासायच्या खोलीतली तीन इंचाची फट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या मुलांच्या कान तपासणीच्या बातम्या तुमच्या पेपरात अधूनमधून येतात, पण ती तपासणी ज्या खोलीत होते त्या खोलीबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी भोसरीत फॅब्रिकेशन करतो, वीस वर्षं झाली. बाहेरचा आवाज आत येऊ नये अशा ऑडिओमेट्री रूम, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासायच्या खोल्या, आम्ही हॉस्पिटलांना करून देतो.

मागच्या वर्षी एका तालुक्याच्या गावी अशी खोली केली. तीन बाजूंना विटांच्या भिंती होत्याच, चौथी आम्ही पॅनलची करायची आणि त्यातच दार. माप मीच घेतलं. टेपची पट्टी एका भिंतीला लावली, डबी दुसऱ्या भिंतीला टेकवली आणि डबीच्या तोंडाशी दिसला तो आकडा वहीत लिहून मोकळा झालो. आतलं माप असं घेताना डबीची लांबी त्यात मिळवायची असते, डबीवर ७५ एमएम, म्हणजे तीन इंच, असं छापलेलंही होतं, आणि नेमकं तेच राहिलं. पॅनल साइटवर उभे केले तर एका कडेला वरपासून खालपर्यंत तीन इंचाची फट.

पोरांनी त्यात थर्माकोल कोंबला, वरून सिलिकॉन मारलं, पट्टी ठोकली, आणि मीही हो म्हणालो हे कबूल करतो. रविवारी आत बसून बघितलं, एकदम शांत वाटलं. सोमवारी ओपीडी भरली, जनरेटर सुरू झाला आणि ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ मॅडमनी, हेडफोन लावून आधी स्वतःचेच कान तपासले. कान अगदी चांगले त्यांचे, पण २५० आणि ५०० हर्ट्झचा जाड सूर नेहमीपेक्षा १५-२० डेसिबल वाढवल्याशिवाय त्यांना ऐकूच येईना. त्या मला म्हणाल्या, "दादा, उद्या इथे पाच वर्षांचं पोर बसलं तर त्याच्या आईला मी काय सांगू?" मोठ्या माणसाला २५ डेसिबलपर्यंत ऐकू आलं तर साधारण नॉर्मल धरतात, लहान मुलांना तर त्याहूनही कमी, म्हणजे माझ्या चुकीमुळे धडधाकट कानाचं पोर बहिरेपणाच्या यादीत गेलं असतं, त्या रात्री मला झोप नाही.

भिंत कितीही जाड करा, तिची एक टक्का जागा उघडी राहिली तर ती २० डेसिबलच्या वर आवाज अडवू शकत नाही, आणि आमची फट होती तीन टक्क्यांची. थर्माकोलचा तिथे काही उपयोग नाही, आवाज अडवायला वजन लागतं.

सगळं उकरून काढलं. परत माप घेतलं, लेझरने, आणि वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी, तेव्हा कळलं की भिंत ओळंब्यातच नाही, खाली दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी भरतंय. त्या मापाने उभी पट्टी नवीन केली, बाहेर बाकी पॅनलसारखाच जाड पत्रा, आत जाळीचा, मध्ये रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) ठासून, दोन्ही कडांना रबर गॅस्केट. बारा दिवस गेले, खर्च आमचा. मग पुन्हा सोमवारीच गर्दीच्या वेळी आवाज मोजायचा मीटर लावला. बाहेर ७४ डेसिबल असताना थर्माकोलवाल्या फटीतून आत ४८ येत होते, ते ३३ वर आले. मॅडमनी परत हेडफोन लावले, सगळे सूर जिथे यायला हवे तिथे आले.

माझी कळकळीची विनंती आहे, ज्या ज्या हॉस्पिटलात, शाळेत अशी खोली होईल तिथे शेवटचं बिल पास करायच्या आधी आतला आवाज मीटरने मोजा, ऑडिओलॉजिस्टच्या समोर मोजा, पंखे, जनरेटर, ओपीडी सगळं चालू असताना मोजा, सुट्टीच्या दिवशी नको. आणि तो आकडा तारखेसकट दारावर लावा, म्हणजे मुलाला घेऊन आलेल्या आईबापांनाही तो वाचता येईल.

आपला एक वाचक,
भोसरी, पुणे