७३ की ७४?

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

सराव चाचणीत ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती पुन्हा उलटसुलट झाली म्हणालीस. पाठांतर कमी पडतंय, हे तुझं निदान मला पटत नाही. दोन्ही १९९२ च्या, दोन्ही स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, कलमं दोन्हींची २४३ च्याच घरातली. एका खुंटीवर दोन सारखे सदरे असले की घाईत हाताला कुठला लागेल, नेम नाही. आठवण गेलेली नसते, शेजारणीने तिची वाट अडवलेली असते.

जुनं नव्याला अडवतं, नवं जुन्याला. बेंटन अंडरवुड या मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये आधीच्या अनेक प्रयोगांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. एकच यादी पाठ केलेल्यांना दुसऱ्या दिवशी साधारण पाऊण भाग आठवत होता. त्याआधी तशाच पंधरा-वीस याद्या पाठ केलेल्यांना जेमतेम पाव. मध्ये गेलेला वेळ सगळ्यांना सारखाच, चोवीस तास. म्हणून सगळ्या घटनादुरुस्त्या एका बैठकीत रांगेने वाचणं मला तरी वेळेची नासाडी वाटते.

आधी फक्त ७३ वी घे: पंचायती, अकरावी अनुसूची, २९ विषय, २४ एप्रिल १९९३ पासून लागू. न बघता तीनदा बरोबर लिहिता आली की थांब. लगेच राज्यव्यवस्थेचं दुसरं प्रकरण उघडू नकोस, बुद्धिमत्ता चाचणीची गणितं सोडव आणि झोप. ७४ वी दुसऱ्या दिवशी: नगरपालिका, बारावी अनुसूची, १८ विषय, १ जून १९९३. ती पक्की झाल्यावरच दोन्ही एका पानावर समोरासमोर लिही. त्या पानावर फक्त फरक हवेत, साम्य एकही नको, कारण गोंधळ साम्यामुळेच होतो. प्रश्नही फरकाच्या बाजूने विचार: १८ विषय कुठल्या अनुसूचीत? १ जून कुणाचा?

उजळणीत आणखी एक खोच आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आणीबाणीची कलमं ३५२, ३५६, ३६०. आर्थिक आणीबाणी आजवर एकदाही लागू झाली नाही, म्हणून मुलं पहिल्या दोनांवरच प्रश्न सोडवत बसतात. अशाने ३६० नुसतं मागे राहत नाही, आणखी पुसट होतं. अँडरसन आणि ब्योर्क दांपत्य या मानसशास्त्रज्ञांच्या १९९४ च्या प्रयोगात एखाद्या गटातले (समज, फळांची नावं) काही शब्द आठवून घेतले, तर त्याच गटातले उरलेले शब्द अजिबात हात न लावलेल्या गटांपेक्षाही कमी आठवले. फरक दहाएक टक्क्यांचा होता. तेव्हा गट उघडलास तर पूर्ण उघड. तिन्ही कलमांची सांगड घातलीस (देश, राज्य, तिजोरी) तर हा तोटा बराच कमी होतो.

रविवारच्या चाचणीनंतर चुकलेल्या उत्तरांबरोबर त्यांच्या जागी तू काय लिहिलंस तेही पाठव. कुठल्या जोड्या भांडताहेत ते त्यावरूनच कळेल.

तुझे बाबा