‘काही होत नाही’ हे मुलं कशावरून ठरवतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

किशोरवयीन मुलामुलींना मी बरीच वर्षं विज्ञान शिकवते. खाण्यापूर्वी हात का धुवायचे, याचं उत्तर त्यांना तोंडपाठ असतं. पेपरात पूर्ण गुण मिळवणारी मुलं मधल्या सुट्टीत मोबाइलवर फिरलेली बोटं तशीच तोंडात घालतात. हटकलं की म्हणतात, ‘मॅम, काही होत नाही.’

याला बेफिकिरी म्हणून सोडून देणं मला पटत नाही. मुलं अनुभवावरूनच बोलत असतात, फक्त तो अनुभव फसवा असतो. साल्मोनेला या आजार देणाऱ्या जंतूची लक्षणं दिसायला 6 तासांपासून 6 दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. पोट बिघडलं की दोष जातो शेवटी खाल्लेल्या पदार्थाला, आणि तीन दिवसांपूर्वी कच्चं मांस कापून नुसता पुसलेला सुरी-पाट नामानिराळा राहतो.

दुसरा भरवसा नाकावर. ‘वास येत नाही ना, मग चांगलंच आहे.’ अन्न आंबवणारे, नासवणारे जंतू वेगळे आणि आजार देणारे बहुधा वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या जंतूंनी वास, रंग, चव यांत काहीच फरक पडला नाही, असं अनेकदा होतं. ‘गरम केलं की झालं’ हाही असाच समज. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो, आणि उलट्या घडवणारं त्याचं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही.

एकदा मी उपदेश बाजूला ठेवला आणि फळ्यावर गणित मांडलं. अनुकूल उष्णतेत काही जंतू 20 मिनिटांत दुप्पट होतात. एका जंतूपासून सुरुवात केली तर 2 तासांनी 64. आणि 7 तासांनी? मुलांनी वहीत दुप्पट करत नेलं, उत्तर वीस लाखांच्या वर गेलं. शिजलेलं अन्न 2 तासांहून जास्त बाहेर ठेवू नका, 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधे रेंगाळू देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटना का सांगते, ते मग वेगळं समजवावं लागलं नाही.

याच संघटनेच्या 2015 च्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी 60 कोटी लोक आजारी पडतात आणि 4 लाख 20 हजार दगावतात. त्यातली सव्वा लाख पाच वर्षांखालची बालकं असतात. स्वतःच्या पोटाची काळजी न करणारी मुलं हा आकडा ऐकून धाकट्या भावंडांबद्दल विचारू लागतात. त्यांना भरवणारे हात पुष्कळदा यांचेच असतात.

आपण मोठी माणसं मात्र अभ्यासाच्या नावाखाली या मुलांना स्वयंपाकघरातून बाहेर काढतो आणि पुढे एकटं राहायला पाठवतो. उरलेलं अन्न कधी आत ठेवायचं, फ्रिजमध्ये कच्चं खाली आणि शिजलेलं वर का, हे हाताखाली काम केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. आठवड्यातून एक वेळचं जेवण त्यांच्यावर पूर्ण सोपवा, भांडी-ओट्यासकट, अशी पालकांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या युवा पुरवणीत मुलांच्या अशा प्रश्नांसाठी एक कोपरा मिळेल का? तज्ज्ञांकडून उत्तरं आपण मिळवावीत, प्रश्न मी वर्गातून पाठवीन. पहिला आलेलाच आहे: रात्रभर वीज गेली तर सकाळी फ्रिजमधलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं?

आपली,
एक विज्ञान शिक्षिका