खाटेजवळ शिकवणाऱ्यांची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शिक्षक दिनाला आपल्या अंकात जिल्ह्यातल्या गुणवंत शिक्षकांविषयी वाचले. वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णाच्या खाटेजवळ शिकवणाऱ्यांबद्दल सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी खानदेशातच एमबीबीएस केले, सध्या इंटर्नशिप सुरू आहे. साडेचार वर्षांतली लेक्चर फारशी आठवत नाहीत. आठवते ती मेडिसिन वॉर्डातली थंडीतली एक सकाळ. धडगावकडची सिकलसेलची (रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात तो आनुवंशिक आजार) मुलगी हातपाय दुखून कण्हत होती. सरांनी आधी स्वतःचे हात चोळून गरम केले, आम्हालाही करायला लावले. तिच्या आईला फक्त पावरी ही तिकडची आदिवासी बोली येत होती, तेव्हा वॉर्डातल्या मावशींना बोलावून त्यांच्यामार्फत विचारपूस केली. मग मला पुढे केले. मी थेट डाव्या बरगडीखाली हात घातला. सर हळूच म्हणाले, ‘‘उजवीकडून, पार खालून ये. प्लीहा (पाणथरी) फार वाढलेली असली तर वरून तिची कड सापडतच नाही.’’ मुलीने श्वास घेतला आणि कड बोटांना टेकली.

एका मैत्रिणीने विचारले, ‘‘सर, सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच आक्रसते ना?’’ सर म्हणाले, ‘‘हिची का नाही, ते मला नक्की सांगता येत नाही. उद्या वाचून येतो.’’ दुसऱ्या दिवशी खरेच वाचून आले आणि सांगितले: आपल्याकडच्या सिकलसेल रुग्णांत बाळ पोटात असतानाचे हिमोग्लोबिन जन्मानंतरही बऱ्याचदा जास्त राहते, ते पेशींना विळ्यासारखे होऊ देत नाही, त्यामुळे प्लीहा पुष्कळ वर्षे मोठी राहू शकते. आता हे मी विसरणार नाही.

सर कडक होते. उशिरा आलेल्याला वॉर्डात घेत नसत, आणि त्याचा राग कुणाला आला नाही. राग आला तो दुसऱ्या एका शिक्षकांचा. ‘‘तुला काय येतं?’’ असे त्यांनी मला रुग्णासमोर सुनावले. त्या आजोबांनी नंतर मला नाडीसुद्धा बघू दिली नाही.

२०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात कौशल्य आणि रुग्णाशी संवाद यांवर भर आहे. शिक्षकांची हजेरी यंत्रावर लागते, पदोन्नतीला शोधनिबंध पाहिले जातात. खाटेजवळ कोण किती शिकवतो, हे आम्हाला मात्र कुणी विचारत नाही. धुळ्यापाठोपाठ जळगाव (२०१८) आणि नंदुरबारलाही (२०२०) शासकीय महाविद्यालये झाली. तिन्हीकडे प्रत्येक पोस्टिंगच्या (एकेका विभागातल्या वॉर्डात शिकण्याच्या पाळीच्या) शेवटी विद्यार्थ्यांचे मत त्यांचे नाव न विचारता लिहून घ्यावे, आणि पदोन्नतीच्या वेळी तेही वाचले जावे, ही कळकळीची विनंती.

– एक आंतरवासिता डॉक्टर, शिरपूर, जि. धुळे